आई-बाबांशी इस्टेटीबद्दल बोलायचंय? आधी यादी, वाटणीचं नंतर

आमच्या बाबांचा सगळा आर्थिक कारभार कालनिर्णयच्या चौकटींत होता. दुधाचे लिटर, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींचे खाडे, आणि त्यातच कुठेतरी पेन्सिलीने "एफडी ७५ ह. सुटणार". कुठल्या बँकेत ते नाही, कोणाच्या नावावर ते नाही. वर्ष संपलं की कॅलेंडरची गुंडाळी करून माळ्यावर. बाबांची अँजिओप्लास्टी ठरली त्या रात्री मी, दादा आणि वहिनी माळ्यावरच्या गुंडाळ्या उतरवून मेडिक्लेमचा नंबर शोधत बसलो होतो, आणि तो शेवटी सापडला स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्यामागे, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. आईने "सुरक्षित राहील म्हणून" ठेवला होता. तिला ती पॉलिसी आहे हे माहीत होतं, ती कशाची आहे हे माहीत नव्हतं.

बाबा ठणठणीत झाले. पण त्यानंतर साधारण दीड वर्ष आम्ही हा पसारा लाइनीवर आणण्यात घालवलं, त्यात दोनदा कडकडून भांडणं झाली, एकदा आत्या ताटावरून उठून गेली, आणि त्यातून जे शिकलो ते इथे लिहितेय. मी वकील नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे कागद बघायची सवय आहे एवढंच. आणि कायद्याचं जे लिहिलंय ते हिंदू कुटुंबांना लागू असलेलं आहे (त्यात जैन, बौद्ध, शीखही येतात). मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी घरांचे वारसा नियम वेगळे, आणि गोव्याचं तर पूर्णच वेगळं, त्याबद्दल पुढे थोडं येईल.

आपल्याकडे इस्टेटीचा विषय काढला की समोरच्याला ऐकू येतं "वाटणी". तुम्ही म्हणता "बाबा, कागदपत्रं कुठे आहेत", त्यांना ऐकू येतं "तुम्ही कधी जाताय". म्हणून आम्ही नंतर एक नियमच केला, की पहिले काही महिने "कोणाला काय" हा शब्दच काढायचा नाही, फक्त "काय आहे आणि कुठे आहे". निम्मी भांडणं तिथेच टळतात, कारण निम्म्या घरांत भांडण मालमत्तेवरून नसतंच, कोणाला काय माहीत आहे आणि कोणापासून काय लपवलंय यावरून असतं.

पायरी १: स्वतःपासून सुरुवात करा

बाबांना थेट विचारलं असतं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला असता. म्हणून मी आधी माझी स्वतःची वही केली. माझा पीएफ, टर्म इन्शुरन्स, दोन एफडी, डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज किती उरलंय, सगळं. आणि ती वही घेऊन एका रविवारी बाबांकडे गेले आणि म्हटलं, "बाबा, मी हे लिहून ठेवलंय, काही राहिलंय का बघा ना, आणि पीएफला नॉमिनी लग्नाआधीचेच आहेत, म्हणजे तुम्ही, ते बदलू का?" बाबांनी चष्मा लावला, दहा मिनिटं वाचलं, दोन चुका काढल्या (निवृत्त हेडक्लार्क, चुका काढणारच), आणि मग स्वतःच म्हणाले, "आमचं पण एकदा असं लिहायला हवं."

बस, एवढंच हवं होतं. सल्ला मागायला गेलं की मोठी माणसं खुलतात, जाब विचारायला गेलं की मिटतात.

तुमच्या घरात हे चालेलच असं नाही. काही ठिकाणी शेजारच्या घरातला किस्सा चालतो ("त्या काकूंना बघा, काका गेल्यावर बँकेत किती खेटे घालावे लागले"), काही ठिकाणी आईच्या बाजूने जावं लागतं. पण एक करू नका, यूट्यूबचा व्हिडिओ फॉरवर्ड करून मोकळं होऊ नका. तो बघतात, आणि वाईट वाटून घेतात.

पायरी २: वेळ, जागा आणि कोण कोण

गणपतीत नको. मला माहितीये की गणपतीतच सगळे गावी एकत्र येतात आणि म्हणूनच सगळ्यांना तेव्हा आठवतं, पण त्या पाच दिवसांत घरात पंचवीस माणसं, झोप नाही, आणि विसर्जनाच्या रात्री कोणीतरी "मागच्या पडवीचं काय ठरलं" असं म्हणतो आणि मग पुढची तीन वर्षं दोन चुली. भाऊबीजेला नको, बहिणीला ओवाळणीच्या ताटात हक्कसोडपत्र दिल्यासारखं वाटतं. आणि दहाव्या-तेराव्याला तर अजिबातच नको, तेव्हा माणसं जे बोलतात ते मनावर कायमचं कोरलं जातं.

साधा रविवार, दुपारचा चहा, टीव्ही बंद. एका बैठकीत तासाभराच्या वर नाही.

आई समोर हवीच. "तिला त्यातलं काही कळत नाही" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथे तर आधी हवी, कारण बहुतेक घरांत मागे ती राहणार असते आणि बँकेच्या काउंटरवर तिलाच उभं राहायचं असतं.

सगळ्या भावंडांना आधी सांगा. मी आणि दादा बोलायला बसणार हे धाकटीला (ती टोरंटोला असते) आम्ही आधी ग्रुपवर कळवलं होतं आणि बैठक झाली की वहीच्या पानाचा फोटो टाकत होतो. मागून कळलं की माणूस शंभर अर्थ काढतो. जावई-सुना पहिल्या बैठकीला असाव्यात की नाही यावर आमच्यात दोन मतं होती. माझं मत, पहिल्या बैठकीला नकोत, दुसरीपासून असू देत. वहिनीला हे आवडलं नव्हतं आणि तिचंही चूक नव्हतं, कारण आई-बाबांचं पथ्यपाणी तीच बघते. सरळ नियम नाही याला.

पायरी ३: यादी

दोनशे पानी वही घ्या. एक्सेल नको, निदान पहिल्यांदा नको, कारण एक्सेल तुमचं होतं आणि वही त्यांची राहते. बाबांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, म्हणजे "मुलांनी करून घेतलं" हा वास येत नाही.

बँक खाती आणि एफडी सगळेच लिहितात. जे राहून जातं ते सांगते: पतसंस्थेतल्या ठेवी, गावच्या सोसायटीचे शेअर्स, पोस्टातली जुनी सर्टिफिकेटं, पूर्वी कागदावर घेतलेले कंपन्यांचे शेअर्स, भिशी, हातउसने दिलेले पैसे (आणि घेतलेले!), कोणाला जामीन राहिलाय का, सोनं लॉकरमध्ये किती आणि कोणाकडे "ठेवायला" दिलंय, लॉकरची किल्ली. बँकेला जोडलेला मोबाइल नंबर कुठला आणि ते सिम चालू आहे का, हे तर पहिल्या पानावर, कारण आजकाल माणूस गेला की पहिली पंचाईत ओटीपीची होते. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका.

घराचं असेल तर मूळ करारनामा, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा निबंधक कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला. आमच्या बाबांचं कर्ज फिटून एकोणीस वर्षं झाली होती आणि मूळ कागद बँकेतून आणलेच नव्हते! ते मिळवायला चार महिने गेले. बँकेची ती शाखा मधल्या काळात दुसरीकडे हलली होती, आणि प्रत्येक टेबलावर बाबांना पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगावी लागायची.

जामिनाचं आमच्याकडे खरंच निघालं. बाबा गप्पच बसले होते, मग आईच म्हणाली, "सांगा की ते पण." ऑफिसातल्या मित्राच्या मुलाच्या कर्जाला बाबा जामीन होते, बारा वर्षं घरात कोणाला पत्ता नाही. ते कर्ज फिटलेलं होतं सुदैवाने. पण त्या दोन मिनिटांत बाबांचा चेहरा बघून मला कळलं की माणसं हा विषय टाळतात ते नेहमी लोभापायी नाही, लाजेपायीसुद्धा. तेव्हा असं काही निघालं की तिथल्या तिथे "अहो कशाला राहिलात" करू नका, लिहून घ्या आणि पुढे जा.

जुनी विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, २०२३ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करतात, पण पैसे बुडत नाहीत, खातेदार किंवा वारस कधीही मागू शकतो. नाव आणि पॅन वगैरे टाकून बघा, आमच्या आईचं लग्नाआधीच्या नावाचं एक खातं निघालं, त्यात अकराशे काहीतरी रुपये. त्या अकराशेचा तिला जो आनंद झाला तो एफडीचा कधी झाला नाही.

पायरी ४: मालक, नॉमिनी आणि वारस

ही तीन वेगळी माणसं असू शकतात, आणि इथे चांगले शिकलेले लोकही चुकतात. "फ्लॅटला नॉमिनी दादा आहे म्हणजे फ्लॅट दादाचा." नाही हो. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात बँकेने किंवा सोसायटीने द्यायचं तो, खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळणारा. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने हे १९८४ मध्येच सांगितलं होतं, सोसायटीच्या फ्लॅटबद्दल २०१६ मध्ये सांगितलं, की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर करावं पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. आणि शेअर्स, म्युच्युअल फंडाबद्दलचा डिसेंबर २०२३ चा निकाल तर, योगायोग बघा, ज्यांच्या कॅलेंडरात बाबा एफडी लिहायचे त्या जयंतराव साळगावकरांच्याच मृत्युपत्राच्या प्रकरणातला आहे. तिथेही कोर्टाने तेच सांगितलं, नॉमिनी झाला म्हणून तो मालक होत नाही.

विम्यात २०१५ पासून थोडा फरक आहे: आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते "लाभार्थी नॉमिनी" धरले जातात, म्हणजे नुसते सांभाळणारे नाही, पैसे त्यांचेच. म्हणजे विम्याचं नॉमिनेशन जास्तच जपून बघा.

मग नॉमिनी लावायचाच कशाला? लावायचाच! नॉमिनी असला की पैसे लवकर हातात येतात, नसला की वारस दाखला, कोर्ट, हमीपत्रं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी लिहून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच. वहीत प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने करा, नाव कोणाचं, नॉमिनी कोण, जायला कोणाकडे पाहिजे. तिसरा रकाना आत्ता रिकामा ठेवा. आमचा आठ महिने रिकामा होता.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, हे सगळ्यांना एकदा सांगा

हे सांगितल्यावर आमच्या घरात खरी चर्चा सुरू झाली. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, सगळे मुलगे, सगळ्या मुली आणि त्याची आई हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा (आधीच गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या बायको-मुलांकडे, मुलीचा तिच्या मुलांकडे जातो). वडील पहिल्या यादीत नाहीत. आमच्या बाबांना हे पटेना, "सगळं आपोआप आईचं होणार" अशी त्यांची पक्की समजूत, आणि ती माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक बाबांची आहे. एकच वारस आडमुठा निघाला तर आईला स्वतःच्याच घराच्या कागदासाठी मुलांच्या सह्या मागत फिरावं लागतं.

आणि बाईची गोष्ट अजून वेगळी. नवरा आणि मुलं असतील तर त्यांना सारखं. पण मूलबाळ नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता नवऱ्याला, आणि नवराही आधीच गेलेला असेल तर नवऱ्याच्या वारसांना जाते, तिच्या भावा-बहिणींना नाही. माहेरच्या आई-वडिलांकडून आलेली तेवढी माहेराकडे परत. ज्यांच्या घरात अशी आत्या किंवा मावशी आहे, जिने आयुष्यभर स्वतः नोकरी करून घर घेतलंय, त्यांनी तिला हे शांतपणे सांगा. आमच्या आत्याला सांगितलं तेव्हाच ती ताटावरून उठली, कारण दीर वीस वर्षांत फिरकलेला नाही. पुढच्याच आठवड्यात वकील गाठला तिने.

पायरी ५: गावची जमीन आणि मेलेली नावं

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. घर सामाईक, बाग सामाईक, सातबारावर नावं सतरा, त्यातली नऊ माणसं वारलेली. पणजोबांचं नावसुद्धा अजून होतं. हे कोकणात घरोघरी आहे, आणि घाटावर तुमच्या बांधाच्या भानगडी असतात त्या वेगळ्या.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा (डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो), जुने फेरफार, म्हणजे नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढा. मग वारस नोंद करून घ्या: मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, तलाठ्याकडे (आता नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात) किंवा ऑनलाइन ई-हक्कमधून. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं, आपण तीस वर्षं लावतो. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. २०२५ मध्ये शासनाने "जिवंत सातबारा" म्हणून मोहीमच काढली ती याच मेलेल्या नावांसाठी.

वारस नोंदीत बहिणींची नावं घाला. "त्या कुठे येणारेत", "नंतर बघू" करून नाव गाळलं की ती नोंद पुढे कोर्टात उलटते. आणि वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे काकांना तीनदा समजावून सांगावं लागेल, त्याची तयारी ठेवा. आमचे काका म्हणायचे, "नाव लागलं की माप घेऊन येतील." मी आणि दादा खास त्यासाठी एक शनिवार-रविवार गावी गेलो, कागद काहीच नेले नाहीत, नुसतं फणसाची भाजी खाऊन आणि पाटाच्या पाण्याच्या गप्पा मारून आलो. पुढच्या वेळी काकांनीच ट्रंक उघडली.

अजून एक. "आजोबांची आहे म्हणजे वडिलोपार्जित" असं सरसकट नसतं. आजोबांनी स्वतः घेतलेली आणि १९५६ नंतर वडिलांना वारसाने आलेली जमीन बऱ्याचदा वडिलांची स्वतःचीच धरली जाते. फरक मोठा आहे, कारण स्वतःच्या मालमत्तेचं ते मृत्युपत्राने काहीही करू शकतात, वडिलोपार्जितमध्ये फक्त स्वतःच्या वाट्याचं. हे फेरफार दाखवून वकिलाकडून ठरवून घ्या, व्हॉट्सअॅपवर ठरवू नका.

पायरी ६: बहिणींशी सरळ बोला

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच केलं होतं (तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळून), देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

हे झालं कायद्याचं. घरात काय होतं ते सगळ्यांना माहितीये. "लग्नात एवढा खर्च केला तो काय होता?" "माहेर हवंय की जमीन?" आणि रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर वडापाव खात सही करणाऱ्या बहिणी. मी स्वतः बहीण आहे म्हणून सांगते, बहुतेकींना जमिनीचा तुकडा नको असतो, विचारलेलं हवं असतं. दादाने मला विचारलं, "तुला काय हवंय?" माझ्या तोंडून निघालं, "मागची खोली. कधीही आले तरी माझी म्हणून." तेवढं आम्ही लिहून ठेवलं. धाकटीने मात्र स्वच्छ सांगितलं की मला माझा वाटा हवा आहे, सोडणार नाही, आणि तेही तितकंच बरोबर. दादाचा चेहरा उतरला होता जरा, पण गेली ती गोष्ट.

हक्कसोडपत्र करायचंच असेल तर नोंदणी करूनच करा, साध्या कागदावरच्या सह्यांना स्थावर मालमत्तेत अर्थ नाही. आणि बहिणींनी सही करायच्या आधी घरी आणून वाचावं. एक दिवस तरी.

पायरी ७: आता तिसरा रकाना

इथे आई-बाबांनी बोलायचं, मुलांनी ऐकायचं. त्यांनी कमावलेलं आहे, ते कोणाला काय देतात हा त्यांचा अधिकार, आपण फक्त "का" एवढं विचारू शकतो. आणि पहिला प्रश्न वाटणीचा नाहीच: "तुम्हा दोघांना शेवटपर्यंत पुरेल का?" औषधं, कामाला बाई, उद्या आईला गुडघे करायचे झाले तर, ही रक्कम आधी बाजूला. बाकीच्याचं मग बोलायचं.

समान आणि न्याय्य यात घोळ होतो. आमच्याकडे दादा-वहिनी आई-बाबांसोबत राहतात, तेव्हा राहता फ्लॅट दादाला आणि बाकीच्यात दोघी बहिणींना जास्त असं बाबांनी ठरवलं. आकड्यात तंतोतंत समान नाही. पण बाबांनी ते तिघांना एकत्र बसवून, स्वतःच्या तोंडाने, कारणासकट सांगितलं. हेच जर आम्हाला नंतर पाकिटातून कळलं असतं ना, तर आज मी हे इतक्या शांतपणे लिहीत नसते.

कोणी घरासाठी हप्ते भरले असतील, शिक्षणाला जास्त पैसे घेतले असतील, ते याच वेळी बोलून टाका. दागिन्यांचं आईने बोलायचं. स्त्रीधन तिचं आहे, बाबांनी त्यात पडू नये.

पायरी ८: लिहायचं

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलंही चालतं. लागतं काय, तर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी सही होताना पाहिलंय. साक्षीदार शक्यतो वयाने लहान आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे घ्या. बाबांच्या मित्रांना घेऊ नका, ते बाबांच्याच वयाचे असतात! व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा म्हणून, एकाचं नाव घाला. मालमत्तेचं वर्णन सातबाराच्या गट नंबरासकट, "गावची बाग" असं नको. "उरलेलं सगळं अमक्याला" ही ओळ शेवटी हवीच, काहीतरी राहतंच.

नोंदणी सक्तीची नाही पण करा, दुय्यम निबंधकाकडे होते, खर्च किरकोळ. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. मन बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं ते खरं.

आणि बक्षीसपत्राची, म्हणजे हयातीतच मालमत्ता देऊन टाकायची, घाई नको. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (स्थानिक अधिभार वगैरे वेगळा), म्हणून एजंट लोक "आत्ताच करून टाका" म्हणतात. पण मृत्युपत्र बदलता येतं, बक्षीस दिलेलं परत येत नाही. द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करायचा" ही अट कागदात लिहा, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ केला नाही तर असं हस्तांतर रद्द करून मागता येतं, पण अट लिहिलेली नसली की दाद मागणं अवघड होतं. हे मी बाबांसमोर आणि दादासमोर एकत्रच बोलले. दादाला लागलं. नंतर त्यानेच वकिलाला ती ओळ मोठ्याने वाचायला लावली.

परदेशात आणि गोव्यात

परदेशी असलेल्या भावंडाला वारसाने शेतजमीनसुद्धा येऊ शकते, विकत मात्र घेता येत नाही. सह्यांसाठी प्रत्येक वेळी यायला नको म्हणून कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करतात, ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायचं. धाकटीचं आमचं हे राहिलं होतं, पुन्हा केलं.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, आता २०१२ चा वारसा कायदा. तिथे मुलं असतील तर मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेचं ठरवता येतं, उरलेला निम्मा मुलांचा राखीव, मुलगा-मुलगी सारखे. लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकतही सहसा सामाईक. सासर गोव्यातलं असेल तर महाराष्ट्रातल्या वकिलाचा सल्ला तिथे चालवू नका.

फिसकटलं तर

फिसकटतंच एकदा तरी. आवाज चढला की त्या दिवशीचं थांबवा, वही मिटा, जेवायला वाढा. मध्यस्थ लागला तर असा शोधा ज्याचं दोन्हीकडे ऐकतात आणि ज्याला स्वतःला काही मिळणार नाही. आमच्याकडे ते मामा होते, फार बोलत नाहीत, नुसते "हं" करतात. काही घरांत एखादा भाऊ बसायलाच तयार नसतो. त्याला सोडून ठरवू नका पण त्याच्यासाठी थांबूनही राहू नका, यादी आणि नॉमिनी एवढं त्याच्या सहीशिवाय होतं, ते करून घ्या.

बाबांची वही आता दिवाणाच्या खणात असते, हे तिघांना आणि आईला माहीत आहे. दरवर्षी नवं कॅलेंडर खिळ्याला लागलं की बाबा वही काढतात, सुटलेल्या एफडीवर रेघ मारतात आणि खाली तारीख घालतात. चौकटीत लिहायची सवय काही गेलेली नाही. परवा बघितलं, जानेवारीच्या एका चौकटीत दुधाच्या दीड लिटरखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "एफडी सुटणार. बँकेचं नाव वहीत, पान ४."